घरच्या फ्लाइट सिम्युलेटरचा थ्रॉटल नीट चालत नाहीये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थ्रॉटलबद्दल, म्हणजे इंजिनाची पॉवर कमीजास्त करायच्या लिव्हरबद्दल, तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा, फक्त पहिला प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा कारण त्यातली तपासणी पुढे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लागते.

थ्रॉटल नीट चालत नाहीये, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही

आधी बिघाड कुठल्या पातळीवर आहे ते शोधा, दुरुस्ती नंतर. तुम्ही लिव्हर हलवता तेव्हा त्याच्या खालचा सेन्सर एक आकडा तयार करतो, तो आकडा यूएसबीमधून विंडोजकडे जातो, विंडोजकडून सिमच्या (सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरच्या) कंट्रोल सेटिंगमध्ये जातो, आणि शेवटी त्या आकड्याचं काय करायचं ते विमान स्वतः ठरवतं, म्हणजे ऑटोथ्रॉटल (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असेल तर ते तुमचा आकडा चक्क बाजूलाही ठेवू शकतं. या चार ठिकाणांपैकी नेमकं कुठे बिनसलंय हे कळलं की अर्धं काम झालं.

तपासायचं असं: सिम पूर्ण बंद करा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी चौकट उघडेल त्यात इंग्रजीत जॉय डॉट सीपीएल टाइप करा आणि एंटर मारा. गेम कंट्रोलर्सची यादी येईल, त्यात तुमचा थ्रॉटल निवडून प्रॉपर्टीज उघडा. आता एकच लिव्हर अगदी सावकाश, निदान दहा सेकंद घेऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि पट्टीकडे बघा. पट्टी सलग सरकली, कुठे उडी नाही, कुठे अडकली नाही, दोन्ही टोकांना पूर्ण पोचली, तर तुमचं हार्डवेअर बहुतेक ठणठणीत आहे आणि भानगड सिममध्ये आहे, तेव्हा स्क्रूड्रायव्हर ठेवून द्या. पट्टी इथेच थरथरत असेल तर मात्र सिममधल्या सेटिंगशी तासन्‌तास झगडून काही उपयोग नाही.

एक लक्षात ठेवा, या खिडकीतली पट्टी कॅलिब्रेशन (लिव्हरची टोकं आणि आकडे जुळवून घेणं) लागू झाल्यानंतरची असते. सेन्सरचा कच्चा आकडा बघायचा असेल तर सेटिंग्ज टॅबमधून कॅलिब्रेट सुरू करा, त्यात रॉ डेटा दाखवायचा चौकोन असतो, तो टिक केला की खरे आकडे दिसतात. बघून झाल्यावर कॅन्सल करून बाहेर या म्हणजे जुनं काही बदलणार नाही.

विंडोजला थ्रॉटल दिसतच नाहीये, दिवे मात्र लागतायत

दिवे लागणं म्हणजे फक्त वीज पोचतेय, डेटा पोचतोय असं नाही. केबल वेगळी निघत असेल तर आधी केबल बदला, कारण बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. मग हब काढून थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला जोडा. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो आणि ३.० चा ९००, पण बिनविजेच्या हबवर थ्रॉटल, जॉयस्टिक, पेडल आणि वर हेडसेट असं सगळं टांगलं की ते सगळे एकाच पोर्टच्या विजेवर जगत असतात. वेगळा ॲडॉप्टर असलेला हब घेतला की हा विषय संपतो.

तरीही दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळा त्रिकोण दिसला तर ते डिव्हाइस अनइन्स्टॉल करा, केबल काढा, रीस्टार्ट करून परत जोडा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही दिसत नसेल तर केबल, कनेक्टर किंवा आतला बोर्ड गेलाय असं समजा.

आणि हो, एक्सबॉक्सवाल्यांसाठी, पीसीसाठी बनवलेला थ्रॉटल एक्सबॉक्सला लावला आणि चालला नाही तर तो बिघाड नाही, त्या डिव्हाइसला एक्सबॉक्सचा सपोर्ट आहे का ते खोक्यावर बघा.

उडता उडता मध्येच डिस्कनेक्ट होतो आणि परत जोडला जातो

यात विंडोजची वीज वाचवायची सवय नडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारा चौकोन असतो, तो काढून टाका, आणि जेवढे रूट हब दिसतील तेवढ्या सगळ्यांवर काढा. शिवाय पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाचं एक सेटिंग असतं ते डिसेबल करा, लॅपटॉपवर बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी. लांब क्रूझमध्ये (उंचीवर एकसारखं उडत असताना) थ्रॉटलला कोणी हात लावत नाही आणि उतरायच्या वेळी तो मेलेला सापडतो ही तक्रार बहुतेक वेळा यानेच सुटते.

एवढं करूनही होत असेल तर केबल हलवून बघा. लिव्हर जोरात पुढे ढकलला की डिस्कनेक्ट होत असेल तर कनेक्टर ढिला आहे किंवा थ्रॉटल टेबलावर सरकतोय आणि केबल ओढली जातेय. एक्स्टेन्शन लावून केबल पाच मीटरच्या पुढे गेली असेल तर तीही काढा.

लिव्हरला हातही लावलेला नाही तरी पॉवर थरथरते, मध्येच उडी मारते

याला जिटर म्हणतात आणि उडी मोठी असेल तर स्पाइक. दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बऱ्याच थ्रॉटलमध्ये लिव्हरखाली पोटेन्शिओमीटर असतो, आपण पॉट म्हणतो तो. त्यात कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा छोटा स्पर्शक घासत सरकतो. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करताना जी खरखर यायची ती याच घासण्यातून यायची, आणि थ्रॉटलच्या पॉटमध्ये तीच खरखर तुम्हाला आकड्यांच्या उड्यांच्या रूपात दिसते. धूळ बसते, कार्बनची भुकटी साठते, किंवा पट्टाच झिजतो.

आधी हे ठरवा की थरथर खरंच त्रासदायक आहे का. दहा बिटचं सर्किट लिव्हरच्या पूर्ण प्रवासाचे १०२४ तुकडे करतं, बारा बिटचं ४०९६. दहा बिटवर एकदोन तुकड्यांची लुकलुक म्हणजे फार तर ०.२ टक्के, ती जवळपास सगळ्याच पॉटमध्ये असते आणि इंजिनला त्याने काही फरक पडत नाही. त्यामागे लागू नका. पण पाच-दहा टक्क्यांची उडी दिसली तर काहीतरी करायला हवं.

मग उडी कुठे येते ते बघा, यातच निदान आहे. दर वेळी लिव्हरच्या त्याच एका जागी आकडा उडत असेल तर पट्ट्याच्या त्या जागी घाण आहे किंवा झीज आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा तीच असते जिथे तुमचा लिव्हर क्रूझमध्ये सगळ्यात जास्त वेळ उभा असतो. उडी कुठेही, कशीही येत असेल तर लिव्हरबरोबर वाकणारी एखादी तार आतून तुटायला आलीय. आणि एक लिव्हर हलवला की दुसऱ्याचाही आकडा हलत असेल तर दोघांची सामाईक ग्राउंडची तार ढिली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, अशा वेळी पॉट बदलून काही होणार नाही.

उपाय पायरीपायरीने करा. कॉम्प्युटर बंद असताना लिव्हर टोकापासून टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा जोरात फिरवा, वरवरची धूळ असेल तर एवढ्यानेच साफ होते. नाही झालं तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर, प्लॅस्टिकला चालतो असं स्पष्ट लिहिलेला, पॉटच्या फटीत अगदी थोडा मारा, लिव्हर परत फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत यूएसबी जोडू नका. घरात असतो तो गंज काढायचा नेहमीचा स्प्रे कृपा करून मारू नका, तो मागे तेलकट थर सोडतो, त्यावर आणखी धूळ बसते आणि मूळ प्रश्न वाढून परत येतो. सफाईनंतर काही दिवस ठीक चाललं आणि परत सुरू झालं तर पॉट संपलाय, तो बदलायचाच.

तोपर्यंत काम चालवायला सिममधलं रिॲक्टिव्हिटी किंवा स्मूदिंग थोडं वापरता येतं, पण त्याने लिव्हर सुस्त वाटायला लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये रिॲक्टिव्हिटी शंभरवरून खाली आणली की उडी बोथट होते, फक्त फार खाली नेऊ नका, नाहीतर गो-अराउंडला (उतरणं सोडून परत वर जाताना) पॉवर मागितली की ती रमतगमत येईल.

माझ्यात हॉल सेन्सर आहे, मग त्यात जिटर कसा काय?

हॉल सेन्सर चुंबकावर चालतो. विजेच्या प्रवाहावर चुंबकाचा हा परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला, म्हणून ते नाव. यात काही घासत नाही म्हणून झीजही नाही, पण चुंबकाचा डिंक सुटून तो जरा फिरला की आकडा सरकतो, आणि जवळ दुसरं मोठं चुंबक आलं तरी सरकतो. थ्रॉटलला चिकटून स्पीकर, मॅग्नेटने बसणारा फोनस्टँड किंवा मॅग्नेटिक माउंट असेल तर ते दूर करून बघा. तरी आकडा थरथरतोय तर दुसऱ्या पोर्टवर लावा, काही वेळा गोंगाट विजेतून येतो, सेन्सरमधून नाही.

लिव्हर पूर्ण पुढे केला तरी १०० टक्के होत नाही, किंवा पूर्ण मागे घेतला तरी इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी पॉवरवर) येत नाही

विंडोजच्या पट्टीत टोकं पूर्ण येतायत का ते आधी बघा. येत नसतील तर कॅलिब्रेशन करा किंवा जुनं बिघडलेलं कॅलिब्रेशन रीसेट करा, कारण कधीतरी अर्धवट केलेलं कॅलिब्रेशन विंडोज वर्षानुवर्षं जपून ठेवतो.

पट्टी ठीक असेल तर सिममध्ये टोकाचा डेडझोन (लिव्हर हलला तरी आकडा बदलत नाही असा भाग) द्या. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये त्याला एक्स्ट्रीमिटी डेडझोन म्हणतात, दोनतीन टक्के पुरतात. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये हेच काम सॅच्युरेशनने होतं, एक्सचं सॅच्युरेशन शंभरवरून थोडं खाली आणलं की टोकाला पोचायच्या जरा आधीच पूर्ण मूल्य मिळतं. मधल्या डेडझोनला मात्र हात लावू नका, तो जॉयस्टिकसाठी असतो, थ्रॉटलला त्याने प्रवासाच्या मध्यावर एक मेलेला पट्टा तयार होतो.

आता एक वेगळी गोष्ट, जी बिघाड नसूनही बिघाड म्हणून विचारली जाते. सेसना १७२ एसमध्ये रनवेवर उभं राहून थ्रॉटल पूर्ण दिला आणि आरपीएम २७०० च्या लाल रेषेपर्यंत गेलाच नाही, तर काही चुकलेलं नाही. त्या विमानाचा पंखा ठरावीक कोनाचा आहे, उभ्या जागी पूर्ण थ्रॉटलला आरपीएम २३०० ते २४०० च्या मध्येच यायला हवा, वेग वाढला की तो पुढे जातो. तिथे २७०० दिसावा म्हणून कॅलिब्रेशन बिघडवू नका. उंच विमानतळावर पॉवर आणखी कमी वाटत असेल तर मिक्श्चर लीन केलंय का, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलंय का, ते बघा.

कॅलिब्रेशन विंडोजमध्ये करायचं, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, सिममध्ये की विमानात?

शक्यतो एकाच ठिकाणी, आणि जेवढं हार्डवेअरच्या जवळ तेवढं चांगलं. म्हणजे थ्रॉटलच्या कंपनीचं स्वतःचं कॅलिब्रेशन टूल असेल तर ते, नसेल तर विंडोजचं. त्याच्यावर परत सिममध्ये कर्व्ह (लिव्हरच्या हालचालीला किती प्रतिसाद मिळेल ते वाकवणारी रेषा), वर एफएसयूआयपीसी या सिमला जोडायच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये आणखी एक, असं थरावर थर केलं की शेवटी आकडा कुठे वाकतोय ते कोणालाच सांगता येत नाही. एफएसयूआयपीसी वापरत असाल तर सिममधलं त्या ॲक्सिसचं (लिव्हरसारख्या सलग सरकणाऱ्या कंट्रोलचं) बाइंडिंग, म्हणजे तो कंट्रोल कुठलं काम करेल ती जोडणी, पूर्ण काढा, दोन्ही ठेवलं तर दोघं एकमेकांशी भांडतात.

एक्स-प्लेन या सिममध्ये मात्र स्वतःचं कॅलिब्रेशनचं बटण आहे आणि नवीन डिव्हाइस लावलं की ते करावंच लागतं, सगळे लिव्हर टोकापासून टोकापर्यंत फिरवायचे आणि मगच पुढे जायचं. एखादा लिव्हर फिरवायचा राहिला तर त्याची रेंज अर्धवट राहते.

विमानातलं डिटेंटचं (लिव्हर अडकायच्या खाचांचं) कॅलिब्रेशन हा वेगळा प्रकार आहे, तो खाली एअरबसच्या प्रश्नात लिहिलाय.

लिव्हर पुढे केला की पॉवर कमी होते

ॲक्सिस उलटा आहे. सिममध्ये त्या ॲक्सिसला रिव्हर्स किंवा इन्व्हर्ट असा चौकोन असतो, टिक करा, झालं. तो चौकोन आणि इंजिनचा रिव्हर्स थ्रस्ट (उतरल्यावर वेग कमी करायला उलट दिशेने दिलेला जोर) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

थ्रॉटल स्वतःहून मागे येतो किंवा सारखा एका आकड्यावर परत जातो

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण इथे आहे: एकाच कामावर दोन ॲक्सिस. नवीन थ्रॉटल लावला की आपण त्याला बाइंड करतो, पण जॉयस्टिकच्या बुडाशी असलेला छोटा स्लायडर आधीपासूनच थ्रॉटल म्हणून बाइंड केलेला असतो आणि तो तिथेच असतो. गेमपॅड जोडलेला असेल तर त्याचीही बटणं थ्रॉटलवर असतात. डीसीएस तर नवीन जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसला स्वतःहून काही ना काही ॲक्सिस देऊन मोकळा होतो, तिथे पेडलच्या ब्रेकवरही थ्रॉटल सापडू शकतो.

म्हणून प्रत्येक डिव्हाइसच्या प्रोफाइलमध्ये जाऊन थ्रॉटल हा शब्द शोधा आणि एक सोडून बाकी सगळे काढा. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे थ्रॉटल सोडून बाकी सगळं यूएसबीवरून काढा, उडून बघा, आणि मग एकेक परत लावा. ज्याला लावल्यावर त्रास सुरू झाला तोच.

दुसरं कारण म्हणजे मदतीची सेटिंग. को-पायलटला कंट्रोल दिलेला असेल तर थ्रॉटल त्याच्याकडे जातो आणि तुम्ही कितीही ढकला, उपयोग नाही. ऑटोथ्रॉटलचं बटण चुकून एखाद्या बटणावर बाइंड झालंय का तेही बघा.

अर्ध्या प्रवासापर्यंत काहीच होत नाही, पॉवर मध्यानंतरच सुरू होते

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये थ्रॉटलचे दोन प्रकारचे ॲक्सिस मिळतात, एक ० ते १०० वाला आणि एक उणे १०० ते १०० वाला. दुसरा निवडला की प्रवासाचा मागचा अर्धा भाग रिव्हर्ससाठी जातो आणि मध्यावर आयडल येतं. ज्या विमानाला रिव्हर्स नाही तिथे तो अर्धा भाग नुसता वाया. ० ते १०० वाला निवडा.

यादीत क्रमांक असलेले आणि नसलेले असेही दोन प्रकार असतात. नुसता थ्रॉटल ॲक्सिस सगळ्या इंजिनांना एकत्र हलवतो, थ्रॉटल १ फक्त पहिल्याला. एकच इंजिन चढतंय आणि विमान एका बाजूला ओढतंय तर हेच बघा. दोन लिव्हर हातात एका रेषेत असूनही इंजिनांचा एन वन (जेट इंजिनाच्या पंख्याचा टक्क्यांतला वेग) एकदोन टक्क्यांनी वेगळा दिसला तर तेवढं चालतं, लिव्हर हाताने जरा पुढेमागे करून जुळवा, खऱ्या विमानातही पायलट तेच करतात.

रिव्हर्स थ्रस्ट लागत नाही, किंवा लागला की सुटतच नाही

तुमच्या थ्रॉटलमध्ये आयडलच्या खाली नेल्यावर काय होतं ते पहिल्या प्रश्नातल्या खिडकीत बघा. काही थ्रॉटलमध्ये आयडलच्या खाचेखाली गेलं की ॲक्सिसचा आकडा बदलतच नाही, त्याऐवजी एक बटण दाबलं जातं आणि लिव्हर तिथे असेपर्यंत दाबलेलंच राहतं. काहींमध्ये ॲक्सिस खाली जातच राहतो. दोन्हींची सेटिंग वेगळी.

बटणवाला असेल तर त्या बटणाला रिव्हर्स होल्ड करायची कमांड द्या, टॉगल (एका दाबाने चालू, पुढच्या दाबाने बंद) नको. टॉगल दिलं आणि एक दाब जरी चुकला तर सिमच्या हिशोबात रिव्हर्स चालू आणि तुमचा लिव्हर आयडलवर, असं उलटं होऊन बसतं आणि मग पुढच्या टेकऑफला पॉवर दिली की विमान मागे सरकायला लागतं. टॉगलशिवाय पर्यायच नसेल तर बटण दाबल्यावर एकदा आणि सोडल्यावर एकदा अशी दोन्ही वेळा कमांड जाईल असं करा, मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सोडल्यावर कमांड द्यायचा चौकोन असतो.

सेटिंग बरोबर आहे की नाही ते तपासायला मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कीबोर्डचं एफ २ दाबून धरा. त्याने रिव्हर्स लागला आणि लिव्हरने नाही, तर विमान ठीक आहे आणि बाइंडिंग चुकलंय.

बोइंग ७३७ मध्ये टेकऑफला टोगा दाबलं, सगळं छान चाललं होतं आणि मध्येच पॉवर पडली

हा प्रश्न मला फार आवडतो कारण इथे सिम खऱ्या विमानासारखा वागतोय आणि लोक थ्रॉटलला दोष देतात.

७३७ मध्ये टेकऑफला तुम्ही लिव्हर साधारण ४० टक्के एन वनपर्यंत नेता, इंजिनं स्थिर होऊ देता आणि टोगा (टेकऑफची किंवा गो-अराउंडची पॉवर मागणारं बटण) दाबता. मग ऑटोथ्रॉटल लिव्हर स्वतः पुढे नेतो. खऱ्या विमानात लिव्हर हाताखाली मोटरने खरंच सरकतात. तुमच्या टेबलावरचा मात्र ४० टक्क्यांच्या जागीच उभा असतो. वेग ८४ नॉट झाला की ऑटोथ्रॉटल थ्रॉटल होल्ड मोडमध्ये जातो, लिव्हरवरचा ताबा सोडतो आणि थ्रॉटल पायलटच्या हातात असतो. त्या क्षणी सिम तुमच्या लिव्हरचा आकडा परत ऐकायला लागतो, लिव्हरमध्ये जराशी थरथर झाली की त्याला वाटतं तुम्ही हलवलात, आणि पॉवर लगेच ४० टक्क्यांच्या जागेवर येते, तेही रनवेवर मधोमध.

उपाय साधा आहे, टोगा दाबल्यावर तुम्हीही हाताने लिव्हर पुढे न्या, स्क्रीनवरच्या लिव्हरच्या बरोबरीने. पीएमडीजी या कंपनीने सिमसाठी बनवलेल्या ७३७ मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असताना हार्डवेअरचं ऐकायचं की नाही याचं सेटिंगही आहे, कधीच नाही, फक्त होल्डसारख्या मोडमध्ये, किंवा नेहमी. जिटर असलेला थ्रॉटल आणि नेहमी हा पर्याय एकत्र ठेवला तर क्रूझमध्येही ऑटोथ्रॉटल सारखा अडखळेल. उतरतानाही तेच, ऑटोथ्रॉटल बंद करण्याआधी तुमचा लिव्हर स्क्रीनवरच्या लिव्हरच्या जागी आणून ठेवा, नाहीतर बंद केल्या केल्या पॉवर उडी मारेल.

एअरबसमध्ये क्लाइम्बच्या खाचेत लिव्हर आहे तरी एलव्हीआर सीएलबी (लिव्हर क्लाइम्बला आणा ही सूचना) लुकलुकतं

म्हणजे तुमच्या हाताला खाच लागलीय पण विमानाला ती लागलेली नाही. एअरबसचे लिव्हर बोइंगसारखे आपोआप हलत नाहीत, ते खाचांमध्ये ठेवायचे असतात: मागून पुढे रिव्हर्स, आयडल, क्लाइम्ब, फ्लेक्स (कमी पॉवरच्या टेकऑफसाठी) आणि टोगा (पूर्ण पॉवर). टेकऑफनंतर साधारण १५०० फुटांवर विमान लिव्हर क्लाइम्बला आणायला सांगतं, तुम्ही आणता, आणि आकडा जर खाचेपेक्षा जरासा खाली पडला तर विमान समजतं की तुम्ही मुद्दाम कमी पॉवर ठेवलीय. ऑटोथ्रस्ट (एअरबसचा ऑटोथ्रॉटल) तेवढ्यातच अडकतो आणि ती अक्षरं लुकलुकत राहतात.

फ्लायबायवायर या गटाने सिमसाठी बनवलेल्या ए३२०एनएक्समध्ये फ्लायपॅडच्या (कॉकपिटमधल्या टॅबलेटच्या) सेटिंग्जमध्ये सिम ऑप्शन्सखाली थ्रॉटलचं डिटेंट कॅलिब्रेशन आहे. प्रत्येक खाचेत लिव्हर ठेवून तिथला आकडा सेव्ह करायचा, आणि आजूबाजूला थोडी पट्टी सोडायची. ती पट्टी तुमच्या जिटरपेक्षा मोठी हवी, एवढंच बघा. हे करण्याआधी सिममधला कर्व्ह पूर्ण सरळ करा आणि डेडझोन शून्य, कारण नंतर कर्व्ह बदललात तर सेव्ह केलेले सगळे आकडे सरकतील आणि परत पहिल्यापासून.

तुमच्या थ्रॉटलला खाचा नसतील तरी कॅलिब्रेशन करता येतं, मग लिव्हरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून खुणा करा, अंदाज चुकत नाही.

आणि उतरताना २० फुटांवर रिटार्ड असं ऐकू आलं की ती तुम्हाला आठवण असते, तेव्हा लिव्हर आयडलला घ्यायचा. न घेतल्यास ऑटोथ्रस्ट वेग धरून ठेवायला बघतो आणि विमान तरंगत राहतं, त्यात थ्रॉटल खराब नाही.

डीसीएसमध्ये लिव्हर हलतो पण इंजिन सुरू होत नाही

एफ-१६, एफ-१८ मध्ये ऑफ आणि आयडल या दोन वेगळ्या जागा आहेत आणि नुसत्या ॲक्सिसने ऑफमधून आयडलला जाता येत नाही, त्यासाठी वेगळी कमांड आहे. कंट्रोल्सच्या यादीत थ्रॉटल आणि आयडल हे शब्द शोधा आणि ती एखाद्या बटणाला द्या.

आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून मिळणारी जादा पॉवर) कधी लागतो ते कळत नसेल तर ॲक्सिस ट्यूनमध्ये यूजर कर्व्ह निवडून, तुमच्या लिव्हरची खाच आणि विमानाची आफ्टरबर्नरची हद्द एका जागी येईल असा कर्व्ह वाकवा. कर्व्ह वाकवायला माझी हरकत नसलेली ही एकच जागा आहे.

म्हणजे बाकी ठिकाणी कर्व्ह नकोच?

नको. जॉयस्टिकला मध्याजवळ नाजूकपणा हवा असतो म्हणून तिथे कर्व्ह, थ्रॉटलला सरळ रेषाच बरी.

फ्लाइट लोड झाली तेव्हा लिव्हर पुढे होता पण इंजिन आयडलवरच

सिमला बऱ्याचदा लिव्हर हलल्याशिवाय त्याची जागा कळत नाही. लोड झाल्यावर थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्श्चर, फ्लॅप, स्पॉयलर सगळे लिव्हर एकदा टोकापासून टोकापर्यंत हलवा, पार्किंग ब्रेक लावलेला असताना. फ्लाइट हवेतच सुरू होणार असेल तर आधीच लिव्हर मध्यावर ठेवा म्हणजे पहिल्या स्पर्शाला पॉवर एकदम शून्यावर येणार नाही.

अपडेटनंतर किंवा पोर्ट बदलल्यावर सगळी सेटिंग गेली

काही सिम आणि प्रोग्राम डिव्हाइस कुठल्या पोर्टवर आहे त्यावरूनही ओळखतात, त्यामुळे पोर्ट बदलला की त्यांच्या दृष्टीने ते नवीनच डिव्हाइस. प्रत्येक केबलला आणि पोर्टला एकाच रंगाचा ठिपका लावा आणि तिथेच लावत जा. प्रोफाइलला स्वतःचं नाव देऊन सेव्ह करा, डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये बदल करून ठेवू नका, आणि बाइंडिंगच्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. डीसीएसमध्ये सेव्ह्ड गेम्सखालचा कॉन्फिगमधला इनपुट फोल्डर कॉपी करून ठेवला तर सगळंच परत आणता येतं.

लिव्हर फार ढिला झालाय, स्वतःच खाली घसरतो

बऱ्याच थ्रॉटलमध्ये घर्षण कमीजास्त करायचा स्क्रू किंवा चक्री असते, बाजूला किंवा बुडाशी, मॅन्युअलमध्ये बघा. थोडं थोडं आवळा, मध्ये मध्ये फिरवून बघत. उलट लिव्हर अडखळत, झटक्याझटक्याने सरकत असेल तर ग्रीस वाळलंय, जुनं ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालणारं नवीन सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा, आणि पॉटमध्ये ते जाऊ देऊ नका.

थ्रॉटल उघडून स्वतः पॉट बदलू का?

वॉरंटी चालू असेल तर नको, कंपनीला कळवा आणि थरथरणाऱ्या पट्टीचा व्हिडिओ पाठवा, तो पुरावा म्हणून चांगला चालतो.

वॉरंटी संपली असेल तर जरूर करा, अवघड नाही. प्रत्येक पायरीला फोटो काढा. डिटेंटच्या खाचेमागे बऱ्याचदा एक छोटी स्प्रिंग आणि गोळी असते, कव्हर उचलताच ती उडते, म्हणून मोठ्या ट्रेमध्ये किंवा पसरलेल्या कापडावर उघडा. नवीन पॉट घेताना जुन्यावरचे आकडे वाचून तसाच घ्या. बी१०के असं लिहिलेलं असेल तर १० किलोओहम आणि बी म्हणजे सरळ चढणारा. ए लिहिलेला आवाजाच्या बटणांसाठी असतो, तो लावला तर सुरुवातीला पॉवर सावकाश आणि मग एकदम चढेल किंवा उलट. दांड्याची लांबी आणि तो चपटा आहे की गोल तेही जुळायला हवं.

बसवण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवा, मधल्या पायाला आणि एका कडेच्या पायाला टोकं लावून दांडा सावकाश फिरवा. आकडा सलग चढला पाहिजे, कुठेही अचानक गायब झाला तर नवा असला तरी तो पॉट परत करा. जुन्या पॉटवरही हीच परीक्षा आधी करा, कारण तो पास झाला तर दोष तारेत आहे आणि तुमचं नव्या पॉटचं काम वाचलं. तारा जोडताना कडेच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ॲक्सिस उलटा चालेल, बाकी काही बिघडणार नाही, पण मधली तार कडेला लागली तर लिव्हर एका टोकाला नेल्यावर वीज आणि ग्राउंड थेट जुळू शकतात, ती मात्र दोनदा तपासा. सगळं बसलं की कव्हर बंद करण्याआधी यूएसबी लावा, परत जॉय डॉट सीपीएल उघडा, कच्चे आकडे दोन्ही टोकांना नीट जातायत ते बघा आणि मगच स्क्रू आवळा.